दोन मिलिमीटरचा फिल्टर

पाणी स्वच्छ कसं करायचं, असं कुठल्याही सिव्हिलवाल्याला विचारा. उत्तर तयार: तुरटी, सेटलिंग टँक, वाळूचा फिल्टर. व्हायवाला एवढं पुरतं. पण अख्खं तळंच हिरवं झालं तर? सेमिनारसाठी वाचता वाचता मला यावर एक भन्नाट फिल्टर सापडला. तोही जिवंत!

त्याचं नाव डॅफ्निया. कोळंबीचा दूरचा भाऊबंद, लांबी साधारण एक ते तीन मिलिमीटर. पायांवरच्या बारीक केसांनी तो पाणी गाळतो आणि त्यातलं तरंगतं शेवाळ खातो. संख्या वाढली की पाणी नितळ.

मग सगळीच तळी नितळ का नसतात? कारण डॅफ्निया हा माशांचा आवडता खाऊ. खोल तळ्यात तो दिवसा खाली अंधारात दडतो. उथळ तळ्यात आसरा मुख्यतः पाणवनस्पतींचा. पण हिरव्या पाण्यातून उजेड तळाशी पोचत नाही, म्हणून वनस्पती नाहीत. वनस्पती नाहीत म्हणून डॅफ्निया टिकत नाही आणि पाणी हिरवंच राहतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ओळखलंत ना? पॉझिटिव्ह फीडबॅक!

हा लूप तोडायचा प्रयत्न हॉलंडमध्ये वोल्डरवाइड तळ्यावर झाला. क्षेत्र सुमारे २,७०० हेक्टर, सरासरी खोली जेमतेम दीड मीटर. १९९०-९१ मध्ये तिथले मासेच काढले. हेक्टरी २०५ किलोंचे ४५ किलो उरले. शिवाय उरलेल्या लहान माशांना खायला पाइक या शिकारी माशाची लाखो पिल्लं सोडली. १९९१ च्या वसंतात डॅफ्नियाने पाणी स्वच्छ करून दाखवलं. किती दिवस? फक्त सहा आठवडे! त्या साली वनस्पती अपेक्षेएवढ्या उगवल्या नाहीत आणि पाइकची बहुतेक पिल्लं मेली.

म्हणजे प्रयोग नापास? मला नाही वाटत. पुढच्या दोन वर्षांत तळाशी कारा जातीच्या वनस्पती पसरल्या आणि त्यांच्यावरचं पाणी स्वच्छ राहू लागलं. डॅफ्निया वेळ मिळवून देतो, पाणी टिकवतात त्या वनस्पती. आणि सांडपाणी येतच राहिलं तर दोघांचंही काही चालत नाही.

आपल्याकडे ही रेसिपी जशीच्या तशी चालणार नाही. उष्ण पाण्यात मोठे डॅफ्निया कमी आणि छोटे मासे जवळजवळ वर्षभर वितात. डासांसाठी सोडलेले गप्पीसुद्धा असे जीव खातात. म्हणून "तळ्यात मासे सोडा, पाणी साफ होईल" असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो: कुठले मासे, आणि ते खाणार काय?