फोटो कुणाचा, संमती कुणाची?
लेखमाला : मोबाइल आणि कायदा – भाग ६

मॉडेल मधू सप्रे मूळची नागपूरची. तिच्यासारखाच मॉडेल असलेला मिलिंद सोमणही मराठीच. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीसाठी दोघं कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, ते पायात बूट आणि अंगाभोवती अजगर, एवढ्यावरच. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर होता म्हणून वन्यजीव कायदाही मागे लागला! दोघं निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. फोटोत जे होते त्यांची काहीच तक्रार नव्हती, तरी खटला चौदा वर्षं चालला.

या जाहिरातीच्या आदल्याच वर्षी, जुलै १९९४ मध्ये, जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं होतं. मुलींना फसवायचं, फोटो काढायचे आणि तेच फोटो घरी दाखवायची धमकी देऊन पुन्हा पुन्हा बोलवायचं, असा तो प्रकार. तपासात अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी होते, पण जबाब द्यायला पुढे आलेल्या मुली मोजक्याच. कारण उघड होतं. नाव बाहेर आलं की बदनामी होणार ती मुलीची; फोटो काढणाऱ्याच्या लग्नात त्यामुळे अडचण येत नाही. उलट तेव्हा जळगावच्या मुलींची लग्नं जमेनात, अशी चर्चा राज्यभर होती. ज्या मुलींचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाही त्याची झळ बसली.

म्हणजे स्वखुशीने फोटो काढू देणारे कोर्टात, आणि जबरदस्तीने फोटो काढले गेले त्या मुली घरात कोंडलेल्या. फोटोत काय दिसतं एवढंच आपल्याकडे आधी विचारलं जातं. तो कुणाच्या मर्जीने बाहेर आला, हा प्रश्न मागाहून येतो, आणि कायद्यातही तो मागाहूनच आला.

संमतीचा मुद्दा कलमांत स्पष्टपणे उतरला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने. कलम ६६-ई म्हणतं, संमतीशिवाय कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्र टिपलं, छापलं किंवा पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. पुढे २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-सी आलं. आता तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. त्यातलं एक स्पष्टीकरण प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लावावं असं आहे. बाईने फोटो काढायला होकार दिला, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिला नाही, आणि तरीही तो पसरवला, तर तो गुन्हाच. ‘मग काढू कशाला दिलास?’ या प्रश्नाला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे. दुर्दैवाने हा प्रश्न ठाण्यातही विचारला जातो.

कायद्यातही खोच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या त्याच दुरुस्तीने आलेलं ६७-ए उघड लैंगिक कृतीचं चित्रण प्रसारित करणाऱ्याला पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगतं, पण त्यात संमतीचा शब्दही नाही. विश्वासघाताला तीन वर्षं आणि अश्लीलतेला पाच, हे गणित उलटं आहे. शिवाय कलम ७७ फक्त स्त्रीला संरक्षण देतं. पुरुषाचा फोटो पसरवला तर आधार ६६-ईचा.

पुरुषाच्या उघड्या अंगाकडे समाज कसा बघतो, तेही २०२० मध्ये दिसलं. ४ नोव्हेंबरला सोमणने पंचावन्नाव्या वाढदिवसाचा, गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला. काय तब्येत राखलीय, अशी वाहवा झाली. त्याच आठवड्यात काणकोणच्या चापोली धरणावर केलेल्या चित्रीकरणावरून मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडेला अटक झाली, दोन पोलीस निलंबित झाले. सोमणवर कोलव्यात गुन्हा नोंदला गेला, पण त्याला अटक झाली नाही. धरण सरकारी मालमत्ता, हा फरक मान्य. पण दोघांना मिळालेली विशेषणं काही धरणामुळे वेगळी नव्हती.

अर्जुनी मोरगावसारख्या लहान ठिकाणी पोलीस ठाण्याची पायरी चढणारी मुलगी कुणाची, हे चहाच्या टपरीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचतं. म्हणून काही गोष्टी माहीत हव्यात. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, गोंदियात किंवा नागपुरातही. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. ती फोटो मागत नाही. फोनवरच त्या फोटोची एक सांकेतिक खूण तयार होते, तेवढीच बाहेर जाते, आणि सहभागी कंपन्या तिच्यावरून जुळणारे फोटो शोधून काढतात. मात्र त्याआधी घाबरून सगळं डिलीट करू नये. स्क्रीनशॉट, लिंक, नंबर, तारीख जपून ठेवावी. तपासात तोच पुरावा असतो.

आणि असा फोटो गावातल्या एखाद्या ग्रुपवर आलाच, तर ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हा बचाव नाही. संमतीशिवाय पाठवणं हाच ६६-ईखालचा गुन्हा आहे.

(पुढील भागात : न काढलेले फोटो, म्हणजे एआयने बनवलेल्या बनावट प्रतिमा.)