मंडळाच्या संकेतस्थळास चौकट कोणती घ्यावी?

आमच्या चिंचपाडा भागांतील शेतकरी मंडळाचें संकेतस्थळ पुन्हां उभारावें असा ठराव गतवर्षीं झाला आणि त्याच्या चौकशीचें काम आमच्याकडे आलें. नवापूर तूर डाळीस २०१६ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. परंतु ती डाळ आमच्यापैकीं कोणाकडे मिळेल असें सुरतेच्या ग्राहकानें विचारल्यास त्यास दाखवावयास आज एक पानही नाहीं.

पूर्वीं तें होतें. एका ओळखीच्या तरुणानें फुकट करून दिलें होतें. पत्त्याची नोंदणी त्याच्या नांवें, परवलीचा शब्दही त्याच्याच जवळ. पुढें तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला, वार्षिक फी भरली गेली नाहीं, आणि सभासदांच्या यादीसुद्धां सर्व बुडालें. त्या वेळीं कागद तपासून पाहण्याचें आम्हांसही सुचलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

या खेपेस तीन होतकरू मुलांनीं तीन नांवें सुचविलीं: वर्डप्रेस, जँगो आणि रिअ‍ॅक्ट. जमीन कोणती हें न पाहतां नांगर निवडण्यासारखाच हा प्रकार! म्हणून आम्हीं आधीं गरज लिहून काढली. महिन्यांतून दोनदां सूचना, हंगामापूर्वीं बियाण्याची माहिती, माल कोणाकडे किती याची नोंद. वाचणारा मोबाइलवर वाचणार, व रानांत त्यास रेंज जेमतेम मिळणार. लिहिणारास प्रोग्राम लिहितां येणार नाहीं.

वर्डप्रेस २००३ सालीं निघालें. तें मजकूर डेटाबेसमध्यें ठेवतें आणि वाचक आला म्हणजे त्यांतून पान जुळवून देतें. टंकलेखन येणाऱ्या माणसास तें लवकर साधतें. दोष हा कीं तें व त्यास जोडलेले प्लगइन वेळोवेळीं अद्ययावत करावे लागतात. हयगय झाली कीं चोर त्याच वाटेनें शिरतात. जँगो अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मास आलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. नोंदवहीच्या कामास तें उत्तम, पण पायथॉन जाणणारा माणूस कायम हाताशीं हवा. रिअ‍ॅक्ट फेसबुकनें २०१३ सालीं खुलें केलें. तें बहुधा वाचकाच्या यंत्रावरच पान जुळवितें, व त्यासाठीं आधीं बरेंच ओझें उतरवून घ्यावें लागतें. आमच्या चार सूचनांसाठीं तें म्हणजे दोन पायली तुरीस मालट्रक.

दप्तराच्या संवयीमुळें आम्हांस आणखी एक शंका आली. तलाठी बदलला तरी सात-बाराचा नमुना तोच राहतो, म्हणून नवा तलाठी जुनी नोंद वाचूं शकतो. चौकटींचें तसें नाहीं. २०१० सालीं आलेल्या अँग्युलरजेएसची देखभाल गूगलनें २०२१ च्या अखेरीस थांबविली. ड्रुपलची सातवी आवृत्ति २०११ सालीं निघाली व जानेवारी २०२५ मध्यें तिचा आधार संपला. तींतून पुढच्या आवृत्तींत जाणें म्हणजे बहुतेक घर नव्यानें बांधणें. तेव्हां चौकट घेतांनाच ती सोडतां कशी येईल, हें विचारून ठेवावें.

या दृष्टीनें आमचें मन ह्यूगोसारख्या साधनाकडे ओढत होतें. तें साध्या मजकुराच्या फाइलींवरून पानें आधींच तयार करून ठेवतें. डेटाबेस नाहीं, म्हणून चोरास दारें थोडीं. पान हलकें, आणि मजकूर कोठेंही नेतां येतो. परंतु चिटणिसांनीं विचारलें, "पावसांत रात्रीं तातडीची सूचना टाकावयाची झाली, तर मीं कोणाच्या दारीं जावें?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. वर्डप्रेस ठरलें.

अटी मात्र आम्हीं लिहून घेतल्या. पत्ता मंडळाच्या नांवें. परवलीचा शब्द बंद पाकिटांत दोघां पदाधिकाऱ्यांकडे. फीची तारीख जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर. प्लगइन अगदीं मोजके. दरमहा सर्व मजकुराची नक्कल काढून मंडळाच्या कपाटांत. मजकूर युनिकोडमध्येंच टंकावा, ही अट आमच्या आग्रहानें आली. जुन्या फाँटांतील दोन अहवाल दुसऱ्या यंत्रावर उघडले असतां निव्वळ चिन्हांची खिचडी दिसली.

सभासदांची यादी सध्यां पावतीपुस्तकांवरून पुन्हां टंकली जात आहे. ज्यांच्या पावत्या गहाळ असतील त्यांनीं आठ-अचा उतारा घेऊन बाजारच्या दिवशीं आमच्याकडे यावें.