ओळख बघू, हा कुठल्या जातीचा?

तो जाळीपलीकडचा कुत्रा बघ! केवढा धिप्पाड! एक कान ताठ, दुसऱ्याचं टोक मुडपलेलं. अंग काळं कुळकुळीत आणि डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके. रस्त्यावर एकटाच सापडला म्हणून त्याला शेल्टरमध्ये आणलंय. आता त्याला हवंय घर. ओळख बघू, कुठल्या जातीचा असेल?

‘जर्मन शेफर्ड!’ ‘छे, लॅब क्रॉस!’ ‘उंची बघ ना, ग्रेट डेन!’

थांब, थांब! रोज कुत्र्यांमध्ये वावरणारी शेल्टरची माणसंसुद्धा इथे चकतात. नुसतं बघून सांगितलेली जात आणि डीएनए तपासून कळलेली जात पुष्कळदा जुळतच नाही!

असं का होतं? शरीर कसं घडवायचं याच्या सूचना गुणसूत्रांमध्ये असतात. आपल्याकडे गुणसूत्रं ४६. आणि कुत्र्याकडे? चक्क ७८! समज, हे ७८ पत्ते आहेत. आई आपले पत्ते पिसते आणि पिल्लाला ३९ देते. बाबाही ३९ देतो. पुढच्या पिल्लासाठी पुन्हा पिसायचे, पुन्हा वाटायचे! मग दोन भावंडांच्या हातात सारखे पत्ते येतील कसे? त्यातून एकाच वेतातल्या पिल्लांचे बाबा वेगवेगळे असू शकतात. आहे की नाही धमाल?

अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी तर दोन जातींची जोडी जमवून हे मुद्दाम करून बघितलं. बसेंजी म्हणजे ताठ कानांचा, गोल वळलेल्या शेपटीचा आफ्रिकी कुत्रा. कॉकर स्पॅनियल म्हणजे लांब लोंबते कान आणि रेशमी केस. या दोघांची पिल्लं कशी दिसली असतील? आईसारखी? बाबासारखी? दोघांसारखीही नाहीत! कोणी अनोळखी माणूस बघता तर त्याने तिसऱ्याच जातीचं नाव घेतलं असतं.

बरं, जात कळली, तर स्वभाव कळेल का? २०२२ साली शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती त्यांच्या घरच्यांना विचारली. दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनएही तपासला. एक कुत्रा असा वागतो, दुसरा तसा. या फरकाला १०० मार्क दिले, तर त्यात जातीचा वाटा किती निघाला? फक्त ९! मला तर ही बातमी फार फार आवडते. कारण जाळीमागचा तो काळोबा नुसता कुठल्या जातीचा नमुना नाही. तो तोच आहे!

वयाच्या बाबतीतही फसू नकोस हं. मोठ्या चणीची कुत्री दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत राहतात. तुझ्या कमरेएवढा दिसणारा कुत्रा आठ महिन्यांचं पोर असू शकतो! चप्पल चावणारं, पायात कडमडणारं पोर. फक्त वजन तुझ्याइतकं!

मग त्याला ओळखायचं कसं? त्याच्याकडेच बघून. नव्या घरात आल्यावर तो टेबलाखाली दडून बसेल, कदाचित जेवणारही नाही. बसू दे. ओढून काढायचं नाही, धावत जाऊन मिठी मारायची नाही. घरातलं मोठं माणूस जवळ असू दे. तू थोडं लांब, त्याच्याकडे जरा बाजू करून बस. त्याला वाटलं की तो स्वतःच येईल आणि तुला हुंगेल.

आणि आता सगळ्यात मजेची खूण. तू जवळ गेल्यावर त्याने जांभई दिली तर? झोप आली असेल, असंच वाटेल ना? पण कुत्री अवघडल्यावरही जांभई देतात! ओठ चाटतात, तोंड फिरवतात. तो जणू म्हणतो, ‘जरा दम धर ना!’ असं दिसलं, की दोन पावलं मागे सर. बघ, त्याचं अंग कसं सैल पडतं ते!