फुकट जमिनीचा जमाखर्च

इ. स. १८७५ च्या अखेरीस अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत एका शेतकऱ्यानें सरकारी मदत मिळावी म्हणून एका कागदावर सही केली. आपणापाशीं उपजीविकेचें कोणतेंही साधन शिल्लक नाहीं, असें त्या कागदांत लिहून द्यावें लागे. सहीच्या मोबदल्यांत त्याला पिठाचीं दोन अर्धीं पिंपें मिळालीं. हा मनुष्य आळशी नव्हता, व्यसनी नव्हता, अडाणीही नव्हता. नांव चार्ल्स फिलिप इंगल्स, वय एकुणचाळीस, पदरीं बायको, तीन मुली आणि तान्हा मुलगा. सुतारकाम, शिकार व नांगर या तिहींत तो सारखाच तरबेज असून रात्रीं चुलीपाशीं बसून फिडल वाजवीत असे. असल्या सहीची किंमत पिठाच्या भावानें करतां येत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

अमेरिकेंत सरकार शेतकऱ्याला जमीन फुकट वांटीत असे आणि म्हणून तेथें कुणबी सुखी झाला, असें बोलणारे गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. त्यांनीं या एका घराची वही उघडून पाहावी.

कायदा होता हें खरें. २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं त्यावर सही केली. एकवीस वर्षांवरील मनुष्यानें किंवा कुटुंबप्रमुखानें किरकोळ फी भरून १६० एकर जमिनीवर हक्क सांगावा, तेथें घर बांधून पांच वर्षें राहावें व जमीन कसावी. म्हणजे ती त्याची. अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही हा हक्क होता. विवाहितेला मात्र स्वतःच्या नांवानें नव्हता, कां कीं तिचा धनी तिच्या वतीनें धनी! या कायद्याखालीं सुमारें १६ लाख लोकांस मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. आंकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु दिपलेल्या डोळ्यांना जमाखर्चाची खर्चाची बाजू दिसत नाहीं.

चार्ल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क संस्थानांतील. बाप जमिनीच्या शोधांत पश्चिमेकडे सरकत गेला, त्याबरोबर मुलेंही. विस्कॉन्सिनमध्यें शेजारीं क्वायनर नांवाचें कुटुंब होतें. दोन्ही घरांत मिळून तीन लग्नें झालीं. साटेंलोटें केवळ आमच्याच देशांत होतें असें नाहीं. १८६० सालीं चार्ल्सनें कॅरोलाइन क्वायनरशीं लग्न केलें. तिचा बाप ती लहान असतांनाच मिशिगन सरोवरांत बुडून वारला होता; ती शिकली आणि लग्नापूर्वीं शाळेंत शिकवीत असे. पुढील हकीकत समजण्यास ही एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे.

पेपिन गांवानजीकच्या दाट अरण्यांत लांकडी घर बांधून त्यांनीं संसार मांडला. मेरी १८६५ सालीं झाली, लॉरा १८६७ सालीं. जमीन बरी होती. परंतु झाडें तोडून शेत काढणें म्हणजे जन्माची मजुरी. कॅन्ससचीं मोकळीं माळरानें ऐकून चार्ल्सनें तें शेत विकलें व छत घातलेल्या गाडींत बिऱ्हाड भरून तो निघाला. १८६९ सालीं इंडिपेंडन्स गांवाजवळ त्यानें घर उभें केलें. ती जमीन मात्र सरकारची नव्हती. ओसेज नांवाच्या मूळ रहिवाशांकरितां राखून ठेविलेली होती. कायद्यानें तेथें एकाही गोऱ्या शेतकऱ्याला पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता. तरी हजारोंनीं टाकलें, कारण सरकार आज ना उद्यां आपल्याच बाजूनें निकाल देईल अशी त्यांची खात्री होती. आणि ती खरी ठरली. ओसेज लोक शिकारीस गेले म्हणजे मागें त्यांचें धान्य लुटलें जाई, घोडे चोरीस जात. १८७० च्या जुलैंत कायदा होऊन ती जमीन सव्वा डॉलर एकरानें विकावयाचें ठरलें, आणि ओसेजांना दक्षिणेस सध्यांच्या ओक्लाहोमांत जावें लागलें. तेथें राहण्यास त्यांनीं जी जमीन घेतली, ती स्वतःच्याच विक्रीच्या पैशांतून!

चार्ल्सच्या हातीं यांतून कांहींच लागलें नाहीं. विस्कॉन्सिनचें शेत घेणाऱ्याकडून पैसे वसूल होईनात, म्हणून १८७१ सालीं तो मुलीबाळींसह परत फिरला. कॅन्ससमध्यें कुटुंब हिंवतापानें अंथरुणास खिळलें असतां त्यांना औषध देऊन उठविणारा डॉक्टर जॉर्ज टॅन हा काळ्या वर्णाचा होता, हेंही येथें नमूद करतों. दुसऱ्याच्या जमिनीवर बसलेल्या या घराला आधार मिळाला तो अशा मनुष्याचा.

नंतर १८७४ सालीं मिनेसोटांत प्लम नांवाच्या ओढ्याकांठीं सुमारें १७० एकरांचें शेत झालें. गहूं डोलूं लागला. मुलीनें पुढें लिहिलें आहे कीं, त्या पिकाच्या भरंवशावर बापानें घराचें लांकूड उधार आणलें. आणि टोळ आले. आमच्याकडील शेतकऱ्यांस टोळधाड म्हणजे काय तें ठाऊक आहे. परंतु रॉकी पर्वताकडून येणाऱ्या त्या टोळांनीं सूर्य झांकून टाकावा, गहूं, भाजीपाला, गवत एकूणएक खाऊन टाकावें, आणि जातांना जमिनींत अंडीं घालून पुढच्या वर्षाचेंही पीक आजच खाऊन ठेवावें, हें संकट फार निराळें. चार्ल्स पूर्वेकडे शेंकडों मैल पायीं चालत कापणीच्या मजुरीस गेला. पिठाचीं पिंपें त्यानें घेतलीं तीं याच दिवसांत. १८७६ सालीं शेत ४०० डॉलरांस विकून टाकलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत एकुलता एक मुलगा नऊ महिन्यांचा होऊन वारला.

यानंतर आयोवांतील बर ओक गांवीं हें कुटुंब एका खाणावळींत राबलें. नऊदहा वर्षांची लॉरा भांडीं घासी, पानें वाढी. गांवच्या डॉक्टराच्या बायकोनें तिला दत्तक मागितलें. आईनें नकार दिला. धाकटी ग्रेस येथेंच झाली. पुढें भाड्याची बाकी फेडण्यास घरमालक मुदत देईना, तेव्हां एके रात्रीं अंधारांत गाडी जुंपून सर्वजण निघून गेले. लॉरानें म्हातारपणीं आपल्या बाळपणावर पुस्तकें लिहिलीं, तीं जगभर गाजलीं. परंतु बर ओक आणि मेलेला भाऊ यांना त्यांत जागा नाहीं. त्या गोष्टी तिच्या मूळ आत्मवृत्तांत होत्या, आणि तें छापून निघालें २०१४ सालीं. स्वाभिमानी मनुष्य आपल्या वहींतील कोणतें पान चिकटवून ठेवितो, तें यावरून कळतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों ती. १८७९ सालीं थोरली मेरी मेंदूच्या तापानें अंध झाली. तिचें वय चौदा. लॉराच्या कादंबरींत या दुखण्याचें नांव निराळें आहे. २०१३ सालीं कांहीं डॉक्टरांनीं कागदपत्र तपासून तो मेंदूच्या आवरणाचा व मेंदूचा दाह असावा असा निर्णय दिला. त्याच वर्षीं चार्ल्सनें रेल्वेच्या कामावर हिशेबनीस म्हणून नोकरी धरली आणि कुटुंब डाकोटा प्रांतांत, नव्यानें वसत असलेल्या डी स्मेट गांवीं आलें. १८८० सालीं फुकट जमिनीच्या कायद्याखालीं त्यानें एकदांचा हक्क नोंदविला. पहिलाच हिंवाळा असा आला कीं हिमवादळांनीं आगगाडी बंद पडून ती मे १८८१ मध्यें सुरू झाली. जळण संपलें तेव्हां गवताचे पीळ करून जाळले. पीठ संपलें तेव्हां कॉफीच्या गिरणींत गहूं भरडले.

त्या उपासमारीच्या वर्षाच्या शेवटीं, १८८१ च्या नोव्हेंबरांत, या कर्जबाजारी मनुष्यानें आपली अंध मुलगी आयोवांतील व्हिंटन गांवच्या अंधांच्या महाविद्यालयांत नेऊन घातली! शिक्षणाचा खर्च डाकोटा प्रांतानें सोसला, कारण प्रांतांत तशी शाळा नव्हती. कपडे व प्रवास घरावर. लॉरानें शिवणकाम केलें, आणि सोळा वर्षांची होतां होतां ती मास्तरीण झाली. तिच्या मिळकतीचा कांहीं भाग बहिणीकडे जाई. मेरी तेथें १८८९ पर्यंत शिकली. मुलीच्या, त्यांतून अंध मुलीच्या शिक्षणावर पैसा घालणें म्हणजे पाण्यांत टाकणें, असें म्हणणारे लोक तेथेंही असतीलच. आमच्याकडे तर त्यांचीच सभा भरलेली असे. मेरी व्हिंटनला शिकत असतांनाच, १८८६ सालीं, पंडिता रमाबाई अमेरिकेस पोहोंचल्या. तेथील स्त्रियांची स्थिति दोन वर्षें जातीनें पाहून त्यांनीं मराठींत ग्रंथ लिहिला आणि १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदा सदन उघडलें. रमाबाईंवर ज्यांनीं आग पाखडली त्यांना डाकोटाच्या या निर्धन कुणब्याची बुद्धि असती, तर किती श्रम वांचले असते!

जमिनीचें पुढें काय झालें? १८८६ सालीं चार्ल्सला तिचा पक्का हक्क मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं तो गांवांत घर बांधून राहावयास गेला. सतत पंधरावीस वर्षें जिच्यासाठीं वणवण केली ती जमीन हातीं येतांच त्यानें सोडली, कां कीं तिच्यावर पोट भरत नव्हतें. सुतारकी, विमा, न्यायाधिशी अशीं कामें करून तो ८ जून १९०२ रोजीं वारला. ज्या जातीच्या टोळांनीं त्याला भिकेस लावलें, तिचा अखेरचा जिवंत नमुनाही १९०२ सालींच सांपडला. ज्या खोऱ्यांत ते अंडीं घालीत तींच नांगराखालीं आल्यामुळें ती जात नष्ट झाली, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

ओसेजांचें देणें मात्र वहींत तसेंच राहिलें. कॅन्ससच्या पुस्तकाच्या १९३५ च्या पहिल्या आवृत्तींत, त्या मुलखांत माणसें नव्हतीं, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. एका वाचकानें तक्रार केल्यावर १९५३ सालीं ‘माणसें’ हा शब्द काढून ‘वसाहतवाले’ असा घातला गेला. लॉरा त्या वेळीं हयात होती व तिनें आपली चूक मान्य केली. २०१८ सालीं अमेरिकेंतील बालग्रंथालयांच्या संघानें आपल्या पुरस्कारावरील तिचें नांवही काढलें. कित्येकांस हें अति वाटलें. आमच्या मतें पुस्तक वाचीत राहावें, आणि वाचतांना ती जमीन कोणाची होती हें मुलांस सांगावें.

चार्ल्सच्या मागें गांवांतील त्या घरांत कॅरोलाइन व मेरी राहिल्या. कॅरोलाइन १९२४ सालीं वारली, मेरी १९२८ सालीं. व्हिंटनला शिकलेल्या हातांनीं मेरी घोड्यांच्या अंगावर माशा बसूं नयेत म्हणून घालावयाचीं जाळीं विणी, आणि तीं विकून येणारे पैसे घरखर्चांत घाली.