कीबोर्डवरचा माइक जातो कुठे?

एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे, दुसरा डोंबिवली पूर्वेला. दोन्हीकडे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांना तोटा नाही. अशा कुठल्याही दुकानात जरा वेळ उभं राहिलं, की फुटलेल्या स्क्रीन आणि दमलेल्या बॅटऱ्यांच्या जोडीला एक वेगळीच तक्रार कानावर येते. ‘बोललं की टाइप व्हायचं, ते बंद झालंय. माइकच दिसत नाही.’ फोन पडलेला नसतो, भिजलेलाही नसतो. काल संध्याकाळपर्यंत कीबोर्डच्या वरच्या पट्टीत असलेलं माइकचं चिन्ह आज नाहीसं झालेलं असतं, नाहीतर दाबलं तरी ढिम्म असतं.

ज्यांची बोटं कीबोर्डवर सराईतपणे चालतात, त्यांना ही अडचण किरकोळ वाटेल. पण मोतीबिंदूमुळे अक्षरं न दिसणारे आजोबा, संधिवाताने बोटं आखडलेल्या मावशी, शाळा लवकर सुटल्यामुळे जोडाक्षरापाशी अडणारा कामगार, अंध विद्यार्थी यांच्यासाठी त्या चिन्हाखालीच त्यांचं सगळं लिहिणं असतं. ते गेलं, की साधा निरोप पाठवायलाही दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. त्यामुळे माइक कसा परत आणायचा हे कळायला हवं, आणि तो मुळात काम कसा करतो हेही. दुसरं कळलं, की पहिलं सोपं होतं.

पाच दुव्यांची साखळी

व्हॉइस टायपिंग कीबोर्डमध्ये ‘बसवलेलं’ असतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती पाच दुव्यांची साखळी आहे. पहिला दुवा फोनच्या तळाशी, चार्जिंगच्या खाचेजवळच्या बारीक छिद्रामागचा मायक्रोफोन. दुसरा, तो आवाज कोणत्या ॲपला द्यायचा हे ठरवणारी फोनची परवानगी यंत्रणा. तिसरा, स्वतः कीबोर्ड. चौथा, आवाज ओळखणारी सेवा. ती बहुतेक फोनमध्ये कीबोर्डहून वेगळी असते आणि पडद्यामागे चालते. पाचवा दुवा भाषेचा: कोणती भाषा निवडली आहे, तिचं पॅकेज फोनमध्ये आहे की इंटरनेटवरून मदत घ्यावी लागणार आहे. पाचांपैकी एक जरी निखळला, तरी पडद्यावर परिणाम एकच दिसतो: माइक चालत नाही. म्हणून कारण शोधताना दुवे एकेक करून तपासावे लागतात.

सुरुवात पहिल्या दुव्यापासून करावी, कारण त्याची चाचणी मिनिटभरात होते. फोनमधलं रेकॉर्डर ॲप उघडावं, दोन वाक्यं बोलावीत आणि ऐकावीत. आवाज स्वच्छ आला, तर मायक्रोफोन ठणठणीत आहे आणि दुरुस्तीला पैसे घालवायची गरज नाही. आवाज दबका आला, तर आधी कव्हर काढून पाहावं, कारण कव्हरची कड अनेकदा छिद्रावर येते. सिमकार्डचा ट्रे काढायची पिन त्या छिद्रात मात्र कधीही खुपसू नये. आत सिलिकॉनपासून बनवलेला अतिशय पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवेच्या दाबाने तो थरथरतो, शेजारच्या पट्टीपासूनचं त्याचं अंतर किंचित बदलतं आणि तो बदल विजेच्या संकेतात उतरतो. पिनेचं टोक थेट आत गेलं, तर तो पडदा फाटू शकतो. मऊ, कोरड्या ब्रशने वरवर धूळ झटकणं पुरेसं असतं.

परवानगी कुठे अडते

रेकॉर्डिंग नीट होतंय आणि तरीही टायपिंग होत नाही, असं असेल तर संशय दुसऱ्या दुव्यावर. २०१५मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६पासून मायक्रोफोन वापरण्याआधी ॲपला आपली परवानगी मागावी लागते. २०२०च्या अँड्रॉइड ११ने ‘फक्त या वेळी’ असा पर्याय दिला, आणि एका परवानगीला दोनदा नकार दिला की ते ॲप पुन्हा विचारणारच नाही, असा नियमही आणला. घाईगडबडीत समोर आलेली चौकट आपण दोनदा ‘नको’ म्हणून घालवतो. त्यानंतर माइक दाबला तरी काहीच होत नाही आणि प्रश्नही विचारला जात नाही. ती परवानगी मग सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच द्यावी लागते.

२०२१च्या अँड्रॉइड १२मध्ये आणखी एक बटण आलं. पडदा वरून खाली ओढला की वायफाय, टॉर्च यांच्या ओळीत ‘मायक्रोफोन ॲक्सेस’ ठेवता येतो. तो बंद असेल, तर परवानगी असलेल्या ॲपलाही फक्त शांतता ऐकू येते. टॉर्च लावताना बोट घसरून ते बटण दाबलं जाणं अगदी शक्य आहे. त्याच आवृत्तीपासून मायक्रोफोन चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपलं बोलणं चोरून कुणी ऐकू नये म्हणून केलेल्या या सोयी गरजेच्याच आहेत. मात्र त्या माहीत नसल्या, की त्याच अडथळा ठरतात.

तिसऱ्या दुव्यात घोळ होतो तो कीबोर्ड बदलल्यामुळे. सजावटीचा एखादा नवा कीबोर्ड आपण हौसेने घेतो, तो मुख्य कीबोर्ड होऊन बसतो आणि त्यात माइक नसतो. पासवर्डच्या चौकटीत तर काही फोन स्वतःचा सुरक्षित कीबोर्ड पुढे करतात. तिथे माइक नसणंच योग्य आहे, कारण पासवर्ड मोठ्याने बोलायची गोष्ट नाही. व्हॉट्सॲपच्या पडद्यावर तर दोन माइक दिसतात. लिहिण्याच्या चौकटीशेजारचा माइक आवाजाचा निरोप पाठवतो, अक्षरं उमटवतो तो कीबोर्डच्या पट्टीतला. पुष्कळांचा ‘हरवलेला’ माइक या गोंधळातच सापडतो.

चौथा दुवा सर्वांत दुर्लक्षित. फोनमधली जागा मोकळी करताना आपण न ओळखीची ॲप ‘डिसेबल’ करत सुटतो. त्यांत आवाज ओळखणारी सेवाही असते. तिचं नाव रोजच्या वापरातलं नसल्यामुळे ती बिनकामाची वाटते. ती बंद झाली, की कीबोर्ड धडधाकट असूनही ऐकलेला आवाज द्यायचा कुणाला, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

‘चितळसर-मानपाडा’ ऐकताना

सगळे दुवे जुळले आणि आपण ‘रिक्षा चितळसर-मानपाड्याला सोड’ असं म्हणालो, की आत काय घडतं? फोन आपल्या आवाजाचं मोजमाप साधारणपणे सेकंदाला १६,००० वेळा करतो. आकड्यांच्या त्या लांबलचक ओळीतून जेमतेम २५ मिलिसेकंदांचे तुकडे घेतले जातात, दर १० मिलिसेकंदांनी एक. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांत किती ऊर्जा आहे, हे पाहिलं जातं. ‘स’ उच्चारताना जीभ आणि दातांमधून हवा घासून जाते आणि बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर दिसते. ‘आ’ची ऊर्जा खालच्या पट्ट्यांत एकवटते. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळतं आणि त्याची खूण ऊर्जेच्या तिसऱ्या पट्ट्यात उमटते. हजारो तासांच्या नमुन्यांवर शिकलेलं न्यूरल नेटवर्क या खुणांवरून संभाव्य अक्षरांचा अंदाज बांधतं.

एवढ्याने काम भागत नाही. ‘मानपाड्याला’ आणि ‘मान पाड्याला’ यांच्या ध्वनीत जवळजवळ फरकच नाही. तिथे संदर्भ कामी येतो. आधी ‘रिक्षा’ आणि नंतर ‘सोड’ आलं असेल, तर गावाच्या नावाची शक्यता वाढते. मराठीत हा पेच वारंवार पडतो, कारण आपला शब्द एकाच रूपात राहत नाही. मानपाडा, मानपाड्याला, मानपाड्याहून, मानपाड्यातल्या, मानपाड्यातल्यांनाही. प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करायचं ठरवलं, तर यादी संपणारच नाही. म्हणून आजच्या यंत्रणा शब्दांचे छोटे तुकडे शिकतात आणि ते जोडून नवी रूपं तयार करतात. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च कानाला वेगळे, लिहायला एकच, हेही त्यांना नमुन्यांवरूनच कळतं. वाहता रस्ता, हॉर्न, शेजारी चाललेलं बोलणं या सगळ्यांतून आपला आवाज वेगळा काढायला अनेक फोनमध्ये वरच्या कडेला दुसरा मायक्रोफोन असतो. दोन्हींत येणाऱ्या आवाजातला फरक पाहून गोंगाट कमी केला जातो. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावर फोन हातभर लांब धरून ओरडण्यापेक्षा तोंडाजवळ आणून नेहमीच्या आवाजात बोलणं केव्हाही चांगलं.

इंग्रजीपासून मराठीपर्यंत

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५२मध्ये बनवलेलं ‘ऑड्री’ हे यंत्र शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखायचं, तेही ओळखीच्या माणसाने थांबत थांबत म्हटले तर. मराठीसाठीचं एक महत्त्वाचं काम मुंबईत झालं, आणि ते शेतकऱ्यांसाठी होतं. केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प हाती घेतला गेला. फोन करून पिकाचं आणि बाजाराचं नाव सांगायचं, यंत्रणा ते ओळखून भाव सांगणार. त्यातल्या मराठीच्या कामात टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई होत्या. त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज फोनवरूनच गोळा करण्यात आले. साध्या फोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणजे ‘स’ची बरीचशी ओळख वाटेतच गळून पडायची. वर गोठ्यातले, बाजारातले आवाज. अशा स्थितीत यंत्राला गावाकडचं मराठी ऐकायला शिकवण्याचा तो प्रयत्न होता.

स्मार्टफोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये दिली. त्या वेळी मराठीसह आठ भारतीय भाषा एकदम आल्या. २०१९मध्ये गूगलने आवाज ओळखणारं मॉडेल ८० मेगाबाइटपर्यंत आटोपशीर करून थेट फोनमध्ये बसवलं, पण सुरुवात अमेरिकी इंग्रजीपासून झाली. ज्या भाषेचं पॅकेज फोनमध्ये नाही, तिथे आवाज इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे जातो. रेंज गेली की टायपिंग अडतं ते यामुळे.

कमी पडतो तो दुवा

सेटिंग्ज सगळी नीट करूनही काही जणांना माइक ‘ऐकत नाही’. इथे दोष फोनचा नसून पाचव्या दुव्याचा, म्हणजे यंत्राला मिळालेल्या भाषेच्या शिकवणीचा असतो. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून ‘श्रुतिलिपी’ नावाचा ६,४०० तासांहून मोठा संग्रह तयार केला. त्यात मराठीसह १२ भाषा आहेत. हे मोलाचं काम आहे. पण बातमीपत्रातलं मराठी म्हणजे वृत्तनिवेदकाचं, प्रमाण आणि सावकाश वाचलेलं. दोन्ही मानपाड्यांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आगरी लोक ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘काला’ म्हणतात. केवळ बातम्या ऐकून शिकलेलं यंत्र तिथे चुकणारच.

याच गटाने पुढे ‘इंडिकव्हॉइसेस’ सुरू केलं. त्याच्या पहिल्या टप्प्यात १४५ जिल्ह्यांतल्या १६,२३७ माणसांचे ७,३४८ तासांचे आवाज २२ भाषांत गोळा झाले, आणि त्यातला मोठा भाग वाचून दाखवलेला नाही, तर मनाने बोललेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने महाराष्ट्रभरच्या बोलींचं ध्वनिमुद्रण करून ते सर्वांसाठी खुलं केलं आहे. दिशा हीच असायला हवी. यंत्र जितके वेगवेगळे कंठ ऐकेल, तितकं ते सर्वांचं होईल.

माइक परत आणताना

१. रेकॉर्डरमध्ये बोलून मायक्रोफोन तपासा.
२. वरून पडदा ओढून ‘मायक्रोफोन ॲक्सेस’ चालू आहे का पाहा.
३. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत कीबोर्ड आणि आवाज ओळखणारी सेवा शोधा, दोन्ही चालू आहेत आणि दोन्हींना मायक्रोफोनची परवानगी आहे याची खात्री करा.
४. मुख्य कीबोर्ड कोणता आहे ते बघा, मग त्याच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइस टायपिंग चालू करा. आयफोनमध्ये हाच पर्याय ‘जनरल’मधल्या ‘कीबोर्ड’खाली ‘डिक्टेशन’ नावाने असतो.
५. भाषांत मराठी जोडलेली आणि निवडलेली आहे ना ते पाहा. इंग्रजी निवडलेली असेल, तर तुमच्या मराठीतून भलतेच इंग्रजी शब्द उमटतील.
६. कीबोर्ड आणि ती सेवा अद्ययावत करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा.

यातलं काहीही कठीण नाही, पण ज्यांना या माइकची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच ते एकट्याने जमणं अवघड आहे. म्हणून घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी आजी-आजोबांचा, कामाला येणाऱ्या मावशींचा फोन एकदा हातात घ्यावा आणि हे सहा टप्पे त्यांना दाखवत दाखवत करावेत. पाचव्या दुव्याचं कामही आपल्या हातात आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’चा भाषादान उपक्रम आणि मोझिलाचं ‘कॉमन व्हॉइस’ या दोन्ही ठिकाणी कुणीही घरबसल्या मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतं. आपल्या उच्चारात, आपल्या हेलात वाचलं तरी चालतं, किंबहुना तसंच वाचायला हवं. ठाण्या-डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, गणेशोत्सव मंडळांनी आणि शाळांनी यासाठी एखादा रविवार काढला, तर या भागातलं मराठी त्या संग्रहात हक्काने जाऊन बसेल.