जिमला निघालात? वजन जरा बेतानेच उचला

नवे वर्ष लागले, की कोणत्याही शहरातल्या जिममध्ये पहिले दोन आठवडे पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारी येईपर्यंत निम्मी यंत्रे पुन्हा मोकळी दिसू लागतात. लोक आळशी असतात, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण कित्येकांचे शरीर पहिल्याच आठवड्यात असे ठणकलेले असते, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि केस विंचरायला हात वर जात नाही. मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून वर्षभराची भरलेली फी सोडून दिली जाते. दोष बहुधा पहिल्या दिवशीच्या घाईचा असतो.

आणि सोडून देण्यात नुकसान खूप आहे. वजने उचलणे म्हणजे दंड फुगवण्याचा पोरकट नाद, हा समज आता मागे टाकायला हवा. तिशी-चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येणे, भाजीच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावर नेणे, पाय घसरला तरी तोल सावरणे, हे सारे स्नायूंच्याच जोरावर चालते. हाडांनाही भार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. रोजचे फिरणे उत्तमच, पण ते ही उणीव भरून काढत नाही.

बायकांच्या मनात आणखी एक भीती असते: वजने उचलली तर आपण पुरुषी दिसू. पुरुषांचे स्नायू भराभर वाढवणारे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात फारच कमी असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या व्यायामाने तसे होत नाही. मीराबाई चानूने २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात ११५ किलो वजन डोक्यावर उचलले आणि रौप्यपदक जिंकले. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक! तिची चण आठवून पाहा.

ताकद आधी येते, सांधे मागून

सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत वजन भराभर वाढवता येते. दहा किलो जड वाटत होते, ते महिन्याभरात हलके वाटू लागते. ही प्रगती प्रामुख्याने मज्जासंस्थेची असते. आहेत तेच स्नायू एकत्र कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू खरोखर भरायला याहून जास्त काळ लागतो. त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे तर आणखी सावकाश बळकट होतात. म्हणजे जोर आहे असे वाटते, पण सांध्याजवळचा आधार अजून कच्चाच असतो. खांदा, कोपर, कंबर नेमकी याच काळात दुखावते. म्हणून पहिले तीन महिने झेपेल त्यापेक्षा थोडे कमीच उचलावे. शेजारचा तरुण किती उचलतो याकडे बघू नये. तो चार वर्षे येत असेल.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत पैलवानांना पूर्वापार ठाऊक होतीच. वैद्यकात तिला जागा मिळवून दिली ती थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय त्याने क्रमाक्रमाने वाढत्या वजनांच्या व्यायामाने पुन्हा बळकट केले. आज जिममध्ये दहा-दहाचे जे सेट करायला सांगतात, त्यामागे त्याच्या कामाचा मोठा वाटा आहे.

मग नवख्याने करावे काय? आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आधी पाच-दहा मिनिटे अंग गरम करावे. बैठका, छातीसमोर ढकलण्याचा एक प्रकार, वरून किंवा समोरून ओढण्याचा एक, डोक्यावर हलके डंबेल उचलणे आणि कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत वजन उचलणे, एवढ्यात सगळे अंग येते. प्रत्येकाचे पहिल्या आठवड्यात एक, मग दोन सेट. एका सेटमध्ये दहा-बारा वेळा. थांबाल तेव्हा आणखी दोन-तीन वेळा सहज करता आले असते, असे वाटले पाहिजे. वजन उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून जोर केला तर रक्तदाब एकदम चढतो. बारबेल वापरायची असेल, तर मोठी दांडीच मुळी वीस किलोची असते हे विसरू नका. प्लेट न लावताही ती नवख्याला पुरून उरते.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोणते दुखणे साधे, कोणते नाही

व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. ते आपोआप ओसरते. सांध्यात टोचणारी कळ मात्र वेगळी. ती आली की तो व्यायाम लगेच थांबवावा. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका काढायला लावण्याची काही प्रशिक्षकांची हौस. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत स्नायू खूप सुजले, हातापायातला जोर गेला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर तेल-मालीश करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

जिमच्या काउंटरवरच्या पावडरीच्या डब्यांविषयीही दोन शब्द. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात, नियमित व्यायाम करणाऱ्याला सत्तर ते नव्वद. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास आणि वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात. नुसत्या पोळी-भाजीवर हा हिशेब जुळत नाही, पण डाळ, दही, उसळ, सोयाबीन वाढवले की पुष्कळसा जुळतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने मनानेच वाढवू नयेत. पावडर घ्यायचीच तर सोयीसाठी घ्या, सक्ती म्हणून नको. आणि कोणी गोळी किंवा इंजेक्शन पुढे केले, तर ती जिम त्याच दिवशी बदला. अशा स्टेरॉइडांनी यकृत, हृदय आणि पुरुषांची प्रजननक्षमता यांना इजा होते.

सोबत शंभर पानी वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन आणि किती वेळा केले, एवढे लिहिले की झाले. सलग दोन दिवस बारा-बारा वेळा नीट जमले, तरच सगळ्यात छोटी प्लेट चढवा. आजारपणाने किंवा लग्नसराईने पंधरा दिवस खाडा पडला, तर परतताना वहीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा थोडे खालूनच सुरू करा.