दया नव्हे, भाषा

कर्णबधिर मुलांना शिकवणे म्हणजे पुण्यकर्म, अशी समजूत आपल्या समाजात अजून पक्की आहे. ती आधी मोडली पाहिजे. दयेवर शाळा चालते तेव्हा मूल कायमचे उपकाराखाली राहते.

१८८० साली मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. बहिऱ्या मुलांना तोंडी भाषेनेच शिकवावे, असा ठराव तिथे झाला आणि खुणांची भाषा अनेक देशांतल्या वर्गांतून हद्दपार झाली. मत देणारे जवळजवळ सारे ऐकू येणारे होते. ज्यांची भाषा, त्यांना विचारले कोणी? ज्यांची बोली शाळेत अशुद्ध ठरवली गेली, त्या आपल्याला हा अन्याय समजावून सांगावा लागू नये.

आज हे काम रीतसर व्यवसाय आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकाला मान्य अभ्यासक्रम आणि नोंदणी सक्तीची केली. बारावीनंतर पदविका करता येते. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांची भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्यांत दिव्यांग शिक्षकही आले. म्हणजे बहिरा तरुण स्वतः फळ्यापुढे उभा राहू शकतो.

आपल्या वस्तीतल्या मुलामुलींनी या व्यवसायात शिरावे आणि कंत्राटी नेमणुकांविरुद्ध लढावेही. बहिरे मूल मुके नसते. त्याला भाषा नाकारून आपणच त्याला मुके करतो.